समेवरची खेळी

या, जरा पुढे सरकून बसा. खांबाआड बसलं की बुवा दिसतात, पण बुवांच्या मागे कोण बसलंय ते दिसत नाही. आणि आजची गोष्ट त्या मागे बसणाऱ्याची आहे. थोडी देवाधर्माची येईलच, मला त्याशिवाय राहवत नाही. पण मुख्य गोष्ट बुद्धिबळाची, तीन मिनिटांच्या डावाची, आणि माझ्या हातून घडलेल्या एका पापाची. बुद्धिबळ येत नसलं तरी चालेल. तीन मिनिटं केवढी असतात एवढं ठाऊक असलं की पुरे.

तर त्या रविवारी संध्याकाळी साडेपाच वाजता मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मोबाइल घेऊन बसले होते आणि जिंकत होते. माझा एक हत्ती जास्त होता. प्यादं वजीर व्हायला दोन घरं उरली होती. माझ्याकडे बावीस सेकंद, समोरच्याकडे वीस. एवढ्यात घड्याळाचे आकडे लाल झाले आणि नेहमीसारखा माझा हात कापायला लागला. प्यादं पुढे सरकवायचं सोडून मी राजा हलवला. मग घाबरून तोच राजा परत आणला. समोरचा मात्र दोन सेकंदांना एक, दोन सेकंदांना एक, अशा खेळ्या करत राहिला. माझी वेळ संपली.

पडद्यावर खाली एकच शब्द आला: "नमस्कार."

जिंकला तरी तो एवढंच लिहायचा, हरला तरी एवढंच. खात्याचं नाव होतं 'आजोबा५८'.

टाळेबंदीचं वर्ष होतं. लांज्यातली आमची शाळा बंद, देऊळ बंद, कीर्तन बंद. मी शाळेत गणित शिकवायचे, म्हणून मला सगळं गाव बाई म्हणतं. नाव विनया टिकेकर. लहानपणापासून मला दोनच वेडं. एक कीर्तन ऐकणं आणि दुसरं बुद्धिबळ. पहिलं बंद पडल्यावर दुसरं दुप्पट झालं. गावातल्या आमच्या बुद्धिबळ मंडळानं दर रविवारी ऑनलाइन स्पर्धा सुरू केली, तीन-तीन मिनिटांचे डाव, आणि मी मंडळाची चिटणीस. दुव्यावर बोट ठेवलं की कुणीही खेळायला येऊ शकत होतं. असाच हा आजोबा५८ जूनमध्ये कुठूनतरी आला.

आला तेव्हा त्याची मला दया यायची. खेळ पक्का, दोनच सुरुवाती खेळायचा, पण त्यांतली प्रत्येक वाट पायाखालची. घाई नाही, आकांडतांडव नाही, एकेक प्यादं असं ठेवायचा की दहा खेळ्यांनंतर कळावं ते तिथे का ठेवलं होतं. शेवटी थोडे मोहरे उरले की मग तर त्याला तोडच नव्हती. पण वेळ! सोप्या खेळीलाही दोनदोनदा विचार करायचा आणि जिंकलेला डाव घड्याळावर हरायचा. आणि मग "नमस्कार."

श्रावण सरला आणि काहीतरी बदललं. आजोबा५८ घड्याळावर हरेनासा झाला. एकदाही नाही. दसऱ्यापर्यंत तो आमच्या यादीत पहिला होता, मी दुसरी, आणि प्रसन्न डिंगणकर तिसरा. जिल्ह्याच्या सामन्यात आमच्या तालुक्याला जागा दोनच होत्या.

त्या रविवारी मी हरले आणि पाच मिनिटांत प्रसन्नचा फोन. त्याचं चष्म्याचं दुकान आहे, आणि मंडळाचा तो अध्यक्ष होता.

"ताई, पुन्हा?"

"पुन्हा."

"आजोबांकडूनच?"

"तिसरा रविवार हा."

"अहो, खरा आजोबा असता तर चष्मा शोधण्यातच तीन मिनिटं गेली असती. माझ्या दुकानात रोज येतात आजोबा, मला विचारा."

मला हसू आलं नाही.

"एक काम करा," तो म्हणाला, "त्याच्या वेळा बघा. प्रत्येक खेळीला किती सेकंद लागले ते डावाखाली नोंदलेलं असतं."

मी बघितल्या. नुसत्या बघितल्या नाहीत, कागदावर छापून घेतल्या आणि लाल पेन घेऊन बसले. पेपर तपासायची सवय. चार सेकंद. चार. चार. चार. घोड्यानं घोडा मारला की उलट मारायचाच, दुसरं काही शक्यच नसतं; तिथे माणूस अर्ध्या सेकंदात खेळतो. तिथेही चार. जिथे डोकं धरून बसावं अशी अडचणीची जागा, तिथेही चार. आता ऑनलाइन खेळणाऱ्या कुणालाही विचारा, याचा अर्थ एकच. बाजूला दुसऱ्या यंत्रावर डाव मांडलेला असतो. समोरच्याची खेळी तिथे करायची, यंत्राचं उत्तर वाचायचं, ते इथे खेळायचं. म्हणून सोप्याला आणि अवघडाला सारखाच वेळ लागतो. मी प्रत्येक चाराभोवती गोल करत गेले. पान लालेलाल झालं. मी पुन्हा फोन लावला.

"माणूस नाही हा, ताई," प्रसन्न म्हणाला, "मिक्सर आहे."

त्या संध्याकाळी मंडळाच्या ग्रुपवर मी लिहिलं: 'आजोबा५८ हे खातं यंत्राची मदत घेत असल्याचं खेळ्यांच्या वेळांवरून स्पष्ट दिसतं. हे खातं स्पर्धेतून काढण्यात येत आहे.' एकही खाडाखोड न करता लिहिलं. तो गेला की जिल्ह्याच्या सामन्यातला पहिला पट माझा होता आणि दुसरा प्रसन्नचा, हे मी तेव्हा मनातल्या मनातसुद्धा म्हटलं नाही.

उत्तर आलं ते ग्रुपवर नाही, माझ्या एकटीकडे, त्या खेळाच्या पडद्यावर. "मी मोजून खेळतो, बाई. नमस्कार."

मी प्रसन्नला वाचून दाखवलं.

"मोजून म्हणजे? किलोवर?" तो म्हणाला, आणि या वेळी मी हसले.

आजोबा५८ पुन्हा दिसला नाही.

*

दिवाळीत देवळं उघडली. मार्गशीर्षात, दत्तजयंतीच्या आठवड्यात आमच्या लक्ष्मीनारायणाच्या देवळात फणसळकरबुवांचं कीर्तन ठरलं, संध्याकाळी पाच ते सात. नऊ महिन्यांनी कीर्तन! मी साडेचारलाच जाऊन बसले. फरशीवर खडूनं गोल आखले होते, एका गोलात एक माणूस, तोंडावर मुसकं. तरी बुक्क्याचा वास आला आणि माझे डोळे भरून आले.

बुवा उभे राहिले. पेटीवर नेहमीचे जोशीमास्तर. तबल्याच्या जागी मात्र तबला नव्हता. पाटावर एक मोबाइल आणि त्याला जोडलेला मुठीएवढा स्पीकर.

"आजचे तबलजी हे," बुवा तिकडे हात करून म्हणाले. "गुणी आहेत. चहा मागत नाहीत, बिदागी मागत नाहीत, आणि 'बुवा, आज फार लांबवलंत' असंही म्हणत नाहीत."

लोक हसले. यंत्रानं ठेका धरला. धुमाळीचा, आठ मात्रांचा. बिनचूक होता, अगदी बिनचूक, आणि ऐकताना मला कसंतरी होत होतं. बुवांची रीत अशी की पद म्हणताना एखादा शब्द त्यांना आवडला की तो ते धरून ठेवतात, जसं आई पोराला दारातून आत पाठवताना अजून एकदा जवळ घेते. तसा त्यांनी शब्द धरला. यंत्र थांबतं होय? ते पुढे निघून गेलं. बुवा शब्दावरून खाली उतरले तेव्हा सम, ठेक्याची पहिली मात्रा, कधीच होऊन गेली होती. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा बुवांनी चिपळ्या खाली केल्या.

"मंडळी, हा गृहस्थ मोजतो फार छान," ते म्हणाले. "पण ऐकत नाही. मोजणं आणि ऐकणं एकाच वेळी जमायला माणूस लागतो." मग त्यांनी वाकून तो मुठीएवढा स्पीकर बंद केला आणि उजवीकडच्या खांबाकडे बघितलं. "तिथूनच धरा हो. मला दिसतंय."

माझ्या पुढच्या गोलात, खांबाला टेकून, एक माणूस बसला होता. साठीच्या पुढचा. डावा हात मांडीत पडलेला, कुणाचातरी आणून ठेवावा तसा. मुसक्यामुळे मला ओळख पटली नव्हती. आता पटली. पंचवीस वर्षं मी याच देवळात बसत होते, आणि पंचवीस वर्षं बुवांच्या मागे डाव्या हाताला हाच माणूस बसत होता. आमचे तबलजी. गेल्या फाल्गुनात त्यांना झटका येऊन डावा हात गेला, हे मला शेजारच्या गोलातल्या बाईंनी तेव्हा कुजबुजून सांगितलं. आणि नाव? नाव मला माहीत नव्हतं.

त्यांनी उजवा हात मांडीवर ठेवला आणि ठेका धरला. आवाज नाही. बुवांना दिसत होता आणि मागे बसलेल्या मला दिसत होता. जोशीमास्तरांनी पेटी त्यावर सोडली, बुवांनी पद परत उचललं, आणि देऊळ भरल्यासारखं झालं. बुवांनी शब्द धरला की तो हात थोडा हवेत थांबायचा, आणि बुवा उतरले की अचूक त्यांच्या पायाखाली यायचा.

परीक्षेवर देखरेख करून करून मला सेकंदकाट्याचं घड्याळ वापरायची सवय आहे. का कोण जाणे, माझं लक्ष मनगटाकडे गेलं. समेपासून समेपर्यंत चार सेकंद.

पुन्हा बघितलं. चार.

लाल पेनानं गोल केलेले ते चार आठवले. पण मी स्वतःला म्हटलं, वेडी आहेस, गावात चार सेकंद एकट्याच्या मालकीचे आहेत का?

पूर्वरंग संपला. आमच्याकडे अशा वेळी बुवांना हार घालतात, बुक्का लावतात, बुवा घोटभर पाणी पितात. तेवढा वेळ तबला नुसता ठेका धरून असतो, पुढच्या आख्यानाला उंबऱ्यात थांबवून ठेवावं तसा. बुवांनी तांब्या तोंडाला लावला तेव्हापासून चिपळ्या उचलेपर्यंत तो हात चार आवर्तनं चालला. सोळा सेकंद.

सोळा. हा आकडा मी कुठेतरी बघितला होता. बघून सोडून दिला होता.

उत्तररंगात बुवांनी अंबरीषाचं आख्यान लावलं. तुम्हाला ठाऊकच आहे. दुर्वासांनी त्या निरपराध राजावर कृत्या राक्षसी सोडली, आणि मग सुदर्शन चक्र उलटं दुर्वासांच्याच मागे लागलं. ऋषी पळतायत. ब्रह्मदेवाकडे गेले, शंकराकडे गेले, शेवटी वैकुंठात. तिथेही देव म्हणाला, माझ्या हातात काही नाही. "वैकुंठात जाऊनसुद्धा उपयोग नाही, मंडळी," बुवा म्हणाले. "ज्याचा अपराध केला त्याच्याच दारात जावं लागतं. आणि गेले तेव्हा काय बघितलं? राजा वर्षभर उपाशी उभा. अतिथी जेवला नाही, मी कसा जेवू?"

सात वाजले. आरती झाली आणि लोक तीर्थप्रसादाला उठले. मीही दरवर्षी तेव्हाच उठते. रांग वाढते ना. त्या दिवशी मात्र पाय उचलेना. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मला ऐकू आलं की कीर्तन संपल्यावर, अर्धे लोक पाठमोरे झाले असताना, बुवा काहीतरी म्हणतात.

"पेटीवर अनंत जोशी होते," बुवा म्हणाले. "आणि तबल्यावर काशीराम गुरव होते."

तबला वाजलाच नव्हता, तरी म्हणाले.

*

घरी आले आणि चप्पल न काढता तो लाल कागद शोधला. या वेळी लाल गोल सोडून उरलेलं वाचलं. पहिल्या बारा खेळ्यांना चार-चार सेकंद. बाराव्यानंतर, सुरुवात संपून खरा डाव जिथे सुरू होतो तिथे, सोळा. मग पुन्हा चार. दोन ठिकाणी आठ. शेवटी वेळ थोडी उरली तेव्हा दोन, दोन, दोन; दुगुन, ठेक्याची दुप्पट लय. मी फक्त सारखे आकडे लाल केले होते. वेगळे आकडे तिथेच होते, शेजारी, माझ्याकडे बघत. आणि ते वेगळे आकडेसुद्धा चाराच्याच हिशेबातले होते. गणिताची बाई मी. आणि कीर्तनाची वेडी. गावात दुसऱ्या कुणाला नाही कळलं तर नाही, मला कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरववाडीत गेले. ओसरीवर काशीरामांची बायको ताराकाकू तांदूळ निवडत होत्या. मी नाव सांगितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही.

"तुम्हीच काय त्या. आता काय राहिलंय न्यायचं?"

"काकू, मी माफी मागायला आलेय."

"आमच्याकडे नको. पुण्याला मागा," त्या म्हणाल्या. "नातीनं खातं काढून दिलं होतं. रेणुका. नर्सिंगला आहे तिकडे. हात गेला, तबला गेला, आबा भिंतीकडे तोंड करून बसतात, म्हणून तिनं हे लावून दिलं. रोज रात्रपाळी करून आली की आबांचे डाव बघायची. ती आहे तुमच्या त्या ग्रुपवर. तुमचं वाचून तिनं फोन केला. म्हणाली, आबा, खरं सांगा, मशीन वापरलंत का? तुम्हाला सांगते बाई, झटका आला तेव्हासुद्धा मी ह्यांचा चेहरा असा बघितला नव्हता."

"मग काय म्हणाले?"

"काही नाही."

"काय बोलायचं?" आतून आवाज आला. काशीराम भिंतीला धरून बाहेर आले आणि बाकावर बसले. "चाळीस वर्षं बुवांच्या मागे बसून बोलायची सवय गेली. बसा बाई. तारा, चहा टाक."

"टाकते," काकू म्हणाल्या, आणि तांदूळ निवडतच राहिल्या.

मी कागद काढला. सोळावर बोट ठेवलं. "काका, हे बुवांचं पाणी."

काशीराम कागदावर वाकले. मग म्हणाले, "उशिरा ऐकू आलं, पण आलं."

मी कागदाची घडी घातली. तेच बोलले. "पहिल्यांदा मी नुसता हरायचो, घड्याळावर. तुम्हीही बघितलंत. डाव हातात यायचा आणि भीती वाटायची, हात गेला तसं हेही जाईल. जितकी भीती, तितका विचार. मग एके दिवशी ही म्हणाली, अहो, तुमचा हात मांडीवर चालतोय. मला पत्ताच नव्हता. तेव्हा सुचलं. खेळी समेवर करायची. सोपी असली तरी समेपर्यंत थांबायचं, म्हणजे घाईत चूक होत नाही. अवघड असली तर दोन आवर्तनं. फार तर चार. त्याच्यापुढे विचार नसतो बाई, नुसती भीती असते."

"मग ते तुम्ही ग्रुपवर का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की तुम्हाला. मोजून खेळतो म्हटलं."

सांगितलं होतं. आणि मी हसले होते.

मी तिथेच बसून ग्रुपवर लिहिलं. काय चुकलं, कसं चुकलं, सोळा कसे सोडले, सगळं; आणि पहिल्या ओळीत त्यांचं नाव. मग ताराकाकूंच्या मोबाइलवरून पुण्याला फोन लावला. "रेणुका, मी विनया टिकेकर. तुझ्या आबांनी यंत्र वापरलं नाही. मी..."

"मला आधी आबांना द्या," ती म्हणाली. तिनं मला पुरतं बोलूही दिलं नाही, आणि बरोबरच केलं.

काशीरामांनी फोन कानाला लावला. बराच वेळ नुसतं ऐकलं. "अगं, तू विचारलंस ते बरं केलंस," ते म्हणाले. "न विचारता मनात ठेवलं असतंस तर काय केलं असतं मी? ... नाही, नाही रागावलो. रडतेस कशाला? ... खेळतो की. बाई आल्यात, आत्ता खेळतो." फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. "एक डाव लावा. तिला बघायचंय."

इतक्यात माझा फोन वाजला. प्रसन्न. मी लिहिलेलं वाचलं होतं. "ताई, ते तिथे आहेत का? द्या जरा." मी आवाज मोठा केला. "काका, मी डिंगणकर, चष्म्यावाला. मी तुम्हाला मिक्सर म्हणालो होतो."

"आमच्या हिचा मिक्सर दोन वाटणांत गरम होऊन बंद पडतो," काशीराम म्हणाले. "मी तेवढा वाईट नाही."

प्रसन्न हसला. "सामन्यात माझी जागा तुमची," तो शेवटी म्हणाला. "पहिल्या पटावर तुम्ही."

"पहिल्या पटावर बाई बसतील. मी दुसऱ्या. मला मागे बसायची सवय आहे."

ताराकाकूंनी सूप खाली ठेवलं आणि चहा टाकायला आत गेल्या.

*

डाव सुरू झाला. एकाच ओसरीवर आम्ही दोघं, आपापल्या मोबाइलवर, आणि पुण्यात ती पोर बघत असलेली. त्यांचा उजवा हात बाकाच्या कडेवर ठेका धरी, आणि समेला तेच बोट पडद्यावर टेकून परत येई. समोर बसल्यावर हे इतकं उघड होतं की मला माझीच लाज वाटली. बारा खेळ्या झाल्या. ते थांबले. चार आवर्तनं. मी त्यांच्याकडे बघितलं, तर त्यांनी भुवया उंचावल्या. जणू म्हणाले, बुवा पाणी पितायत.

मी नेहमीसारखा हल्ला केला. तो लागू पडला. ते एका हत्तीनं मागे पडले, आणि माझं प्यादं वजीर व्हायला निघालं. मग नेहमीचंच झालं. बावीस सेकंद. आकडे लाल. माझा हात कापायला लागला. मला वाटलं, पुन्हा हरणार, आणि आज हरले तर बरंच होईल, माझ्या अपराधाचं तेवढंच प्रायश्चित्त.

तेवढ्यात बाकावरचा आवाज वाढला.

माझी पाळी होती, माझं घड्याळ चालू होतं, आणि ते ठेका देत होते. दुगुन. लाकडावर, स्पष्ट, सम थोडी वजनानं दाखवून. मी श्वास घेतला. पहिल्या समेला प्यादं पुढे सरकवलं. ते खेळले, बोट पडद्यावरून उठून तडक बाकावर परत. दुसऱ्या समेला वजीर केला. माझा हात आता कापत नव्हता. मी काही मोजत नव्हते. देवळात बसल्यावर कधी मोजते? नुसती ऐकत होते, आणि हात आपोआप समेवर पडत होता. सहाव्या समेला त्यांचा राजा मात झाला. माझ्याकडे पाच सेकंद उरले होते.

"नमस्कार," काशीराम म्हणाले. त्यांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

"काका," मी म्हटलं, "मला घड्याळावर हरू दिलं असतंत तर तुम्ही जिंकला असता. मला ठेका का दिलात?"

ते जरा गोंधळले. हा प्रश्न होऊ शकतो हेच त्यांना कळेना.

"समोरचा लय सोडून पळायला लागला, बाई," ते म्हणाले, "की हात आपोआप धरतो. बुवा असोत नाहीतर कुणी."

पंधरा दिवसांनी जिल्ह्याचा सामना झाला. त्यांनी तीनपैकी तीन डाव जिंकले, मी दोन. तेव्हापासून आजतागायत तीन मिनिटांचा डाव खेळताना माझा डावा हात मांडीवर असतो. जिंकलेले डाव घड्याळावर हरायचे मी बरेच कमी केले आहेत. मला शाबासकी मिळते. ती कुणाची आहे ते मी तुम्हाला आता सांगून ठेवलंय.

चैत्रात दुसरी लाट आली आणि काशीराम गुरव तीन दिवसांत गेले. देऊळ पुन्हा बंद होतं. स्मशानात चार माणसं, तीही लांब उभी. ना टाळ, ना पेटी. रेणुकाला पुण्याहून येता आलं नाही. ती त्याच आजाराच्या वॉर्डात कामावर होती. बुवांनी घरीच देवापुढे उभं राहून एक पद म्हटलं असं मागाहून कळलं. तबल्यावर कोण होतं हे म्हणायला मात्र समोर श्रोते नव्हते.

म्हणून हे तुम्हाला सांगितलं. एवढंच मागणं आहे. पुढच्या वेळी कीर्तनाला जाल तेव्हा आरती झाली की लगेच रांगेकडे पळू नका. तीर्थ संपत नाही. बुवा मागच्यांची नावं घेतील ती बसून ऐका. आणि कधी हात कापायला लागला, वेळ थोडी उरली, आणि कुठून कोण जाणे एकदम धीर आला, तर मनातल्या मनात म्हणा:

तबल्यावर काशीराम गुरव होते.